जाकिटावर ओरखडा नव्हता

धाकटा भाऊ गेल्यापासून त्याची पिशवी कपाटावर तशीच पडून होती. आठ महिन्यांनी एका दुपारी ताईनं ती खाली काढली आणि सरळ दुकानात नेली. घरी उघडली असती तर आईसमोर रडू आलं असतं. दुकानात निदान मशीन चालू ठेवता येतं.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक मशीन, एक इस्त्री, दोऱ्यांच्या रिळांचा खोका आणि भिंतीला आडवी ठोकलेली काठी. ताई नवे कपडे शिवायची नाही. ती दुरुस्त्या करायची. रफू, चेन, उसवलेली शिवण, वाढलेलं पोट आणि आखडलेला कोट. सव्वीस वर्षं हेच काम करून तिची बोटं अशी तयार झाली होती की कापड हातात आलं की माणूस कुठे टेकून बसतो, कुठल्या खांद्यावर पिशवी अडकवतो, हे तिला न विचारता कळायचं.

पिशवीत वरच निळं जाकीट होतं. त्याची चेन तिनंच बसवून दिली होती. तिनं ते टेबलावर पसरलं, बाह्या सरळ केल्या, कोपरांवरून हात फिरवला, पाठ उलटी करून पाहिली. मग उठून दिवा लावला आणि पुन्हा पाहिलं. एक ओरखडा नव्हता. एक टाका उसवला नव्हता.

धाकटा डोंगरावर गेला तेव्हा वाटाड्याखेरीज बरोबर होता तो त्याचा मित्र कंपाउंडर. शाळेपासूनची जोडी, एका ताटात जेवलेली. बंद पेटी घेऊन परतला तेव्हा त्यानं जे सांगितलं होतं, ते ताईला शब्दन् शब्द पाठ होतं. शिखरावरून उतरताना ओल्या खडकावर पाय सटकला, चाळीस फूट खाली घसरत गेला, जागच्या जागी संपला. "त्याला काही कळलंसुद्धा नाही, ताई. निळं जाकीट अंगात होतं म्हणून धुक्यात सापडला तरी."

चाळीस फूट खडकावरून घसरलेलं जाकीट आणि कोपर शाबूत?

सवयीप्रमाणे तिनं खिसे रिकामे केले. आतल्या खिशातून गोळ्यांची एक पट्टी निघाली. तापाच्या गोळ्या. दहाच्या दहा खाल्लेल्या.

ताईच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

कंपाउंडर काम करायचा ते औषधांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. ती गेली तेव्हा तो काउंटरमागे खोकी लावत होता. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या रोज तोच घरी आणून द्यायचा, आज तिनं त्या स्वतः घेतल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, वर जाताना त्याला ताप होता का?"

त्याचा हात खोक्यावर थांबला. मग पुढे सरकला.

"ताप? छे! ठणठणीत होता. माझ्याही पुढे चालत होता."

"बरं," ताई म्हणाली. पट्टीचा विषय तिनं काढला नाही. हातचं राखून ठेवायची तिची जुनी सवय होती.

आठवडाभर ती नीट झोपली नाही. ज्याच्या विजारी तिनं दरवर्षी दोन बोटं खाली सोडून दिल्या, तो पोरगा तोंडावर खोटं बोलला. एवढंसं खोटं कोणी उगाच बोलत नाही, त्याच्याखाली काहीतरी मोठं दडलेलं असतं. दोघांचं भांडण झालं असेल का? कोणी ढकललं असेल का? आपणच आपल्या विचारांना भिऊन ती मशीनचं पायडल जोरात दाबायची.

शेवटी तिनं त्याला बोलावून सांगितलं, "मी जाणार आहे तिथे. जागा बघायची आहे मला."

"ताई, वेडी की काय? त्रेपन्नचं वय, तुझे गुडघे! पायवाट नाही तिथे, नुसती मुळं आणि चिखल. जळवा असतात बोटाएवढ्या. पावसाला काळवेळ नाही."

"तू नको येऊस. तुमचा तो वाटाड्या आहे ना, त्याला घेऊन जाईन."

"मी येतो," तो म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला की ताईनं त्याच्याकडे बघण्याऐवजी हातातल्या सुईकडे बघितलं.

पुढचे दोन महिने ती रोज इमारतीचे चार मजले तीनदा चढली, पाठीवर कापडांचा गठ्ठा बांधून. शेजारणी विचारायच्या, वर कोणाकडे जातेस गं? ती म्हणायची, गुडघ्यांकडे. आईनं फार विरोध केला नाही. एवढंच म्हणाली, "बघून काय करणार आहेस?"

"बघणार आहे," ताई म्हणाली.

एक दिवस बस, अर्धा दिवस होडी. डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याची पत्र्याची खोली होती. तिथे नावं लिहून परवाना घ्यायचा. वाटाड्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा, काटक, पायांत रबरी बूट आणि कमरेला कोयता. ताईनं त्याला आधी पाहिलं आणि नंतर त्यानं कंपाउंडरला पाहिलं. परीक्षेत एकाच वहीतून उत्तरं उतरवलेली दोन मुलं मास्तर आल्यावर बघतात ना एकमेकांकडे, तसे ते दोघे क्षणभर बघत राहिले.

"ही त्याची बहीण," कंपाउंडर म्हणाला.

वाटाड्यानं मान खाली घातली. "वाट फार वाईट आहे, बाई. खालचा धबधबा बघून परत फिरू या का?"

"मी धबधबा बघायला आलेली नाही, दादा."

पहाटे निघाले. जंगलात शिरल्यावर उजेड निम्मा झाला. ताईनं आयुष्यात एवढं हिरवं एका जागी पाहिलं नव्हतं. झाडांवर झाडं, त्यांच्यावर नेचे, नेच्यांवर शेवाळ. जमीन अशी नव्हतीच. मुळांची जाळी होती, तिच्यातून पाय खाली जायचा आणि बूट भरून वर यायचा. हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसायची. वेताच्या काट्यांनी पहिल्याच तासात तिची बाही धरली. तिनं ती हलकेच सोडवून घेतली आणि तेवढ्यातही बघितलं. नुसत्या काट्यानं दोन धागे ओढले गेले होते.

चालताना तिच्या लक्षात आलं की कंपाउंडर सतत मध्ये असतो. वाटाड्या पुढे, तो मध्ये, ती मागे. ती पुढे सरकली की तो म्हणायचा, "ताई, सावकाश, मी आहे ना." ती वाटाड्याला काही विचारायला लागली की उत्तर हाच द्यायचा. हे कोणतं झाड? फणसाच्या जातीचं असेल, ताई. इथे जनावरं आहेत का? नाही गं, ताई. वाटाड्या नुसता कोयता चालवत राहायचा.

दहाच्या सुमारास ती कपाळ चोळत एका मुळावर टेकली. कंपाउंडरनं लगेच डबी काढली आणि एक पांढरी गोळी पुढे केली. "घे, बरं वाटेल."

ताईनं गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला, आणि त्यानं पाठ फिरवल्यावर हातात थुंकून ती नेच्यात टाकून दिली. मग स्वतःचीच लाज वाटली. याच माणसाच्या हातून आई रोज औषध घेते. पण गोळी काही तिनं उचलली नाही.

दुपारी ओढ्याकाठी थांबले. ताई बूट काढून जळवा सोडवत बसली. घोट्याला चार होत्या, रक्त पिऊन टम्म फुगलेल्या. मिठाची पुरचुंडी टेकवली की गळून पडायच्या. ते दोघे पाणी भरायला खडकामागे गेले होते. ओढ्याचा आवाज मोठा, पण मध्येच वारा फिरला आणि कंपाउंडरचा शब्द स्पष्ट ऐकू आला. "...वहीचं काय?"

"वही आहे तिथेच," वाटाड्या म्हणाला. "पानांना नंबर असतात. फाडता येत नाही."

ताईनं बुटाची नाडी बांधली. मग सोडून पुन्हा बांधली.

त्यानंतर शिडी आली. दोन पुरुष उंचीचा कडा आणि त्याला टेकवलेली लोखंडी शिडी, गंजलेली, शेवाळानं बुळबुळीत. वाटाड्या आधी चढला, मग ताई. कंपाउंडरला खाली दम लागला होता, तो शिडीच्या पायथ्याशी वाकून उभा होता. पाच मिनिटं मिळाली. ताईनं ती वाया घालवली नाही.

"दादा, तो कुठल्या बाजूला पडला? शिखराच्या डाव्या की उजव्या?"

वाटाड्यानं उगाच कोयता पानाला पुसला. "डाव्या."

कंपाउंडरनं घरी उजवी सांगितली होती. आईला हातवारे करून दाखवली होती.

"बरं," ताई म्हणाली.

मुक्कामाची झोपडी संध्याकाळी चारला लागली. इथे झाडंसुद्धा खुजी झाली होती, खोडांना शेवाळाचे जाड गालिचे, आणि ढग दारातून आत येऊन बाहेर जात होता. लाकडी फळ्यांची एक खोली. चार बाकडी, एक स्टोव्ह, भिंतीला खुंट्या. दाराशी एका फळीवर दोरीनं बांधलेली जाडजूड वही होती.

वाटाड्या स्टोव्ह पेटवायला बसला. कंपाउंडर ओले मोजे पिळायला बाहेर गेला. ताईनं वही ओढली. येणाऱ्या प्रत्येकानं नाव, तारीख, वेळ लिहायची असा वनखात्याचा नियम होता. दमट पानं एकमेकांना चिकटली होती. टाके उसवावेत तशी तिनं ती नखानं सुटी केली. दहा महिने मागे गेली. तारीख सापडली. धाकट्याचं तिरकं अक्षर असेल असं वाटलं होतं, पण अक्षर दुसऱ्याचं होतं.

"मुक्कामी आले: तीन." त्याखाली दुसऱ्या दिवसाची नोंद. "सकाळी ५.१०. शिखराकडे: दोन. मुक्कामी: एक."

ती ओळ तिनं तीनदा वाचली. मग वही उघडीच ठेवून ती बाकावर बसली.

कंपाउंडर आत आला. त्याची नजर आधी वहीवर गेली, मग ताईवर. त्याच्या हातातले मोजे टिपकत राहिले.

"तो शिखरावर गेलाच नाही," ताई म्हणाली.

कंपाउंडरनं मोजे खुंटीला अडकवले. वाटाड्या स्टोव्हला हवा भरत राहिला.

"त्यानं दहा गोळ्या खाल्ल्या होत्या. पट्टी माझ्याकडे आहे. आणि त्याचं जाकीट मी उलटंसुलटं करून बघितलंय. मला शिवणीचं कोणी सांगायला नको. आता बोल."

तो समोरच्या बाकावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा खचला.

"ताप पहिल्याच दिवशी आला, ताई. शिडीच्या आधीच. मी म्हटलं परत फिरू. तो ऐकेना. तुला माहितीये, अकरा वर्षं या डोंगराचा नकाशा भिंतीला लावून बसला होता. इथे आलो तेव्हा अंग नुसतं भाजत होतं. रात्रभर मी गोळ्या देत होतो. सकाळी त्याला उठवेना."

"मग?"

"मग तो म्हणाला, तुम्ही जाऊन या."

"नाही," वाटाड्या स्टोव्हकडे बघत म्हणाला. दिवसभरात तो आपणहून बोलला तो हा पहिला शब्द.

कंपाउंडरनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मी विचारलं," तो म्हणाला. "मी त्याला विचारलं, आम्ही दोघं पटकन जाऊन येऊ का? तीन तासांत येतो. एवढ्या लांब आलोय. तो म्हणाला, जा."

"आणि तुम्ही गेलात."

"वर ढग उतरला. पायाखालचं दिसेना. अडकून बसलो. परत यायला दुपार झाली. सात तास."

"वर काय दिसलं?"

"काही नाही. पांढरं. नुसतं पांढरं, ताई. मला अजून तेच दिसतं."

ताईनं त्याचं अजून तेच दिसणं बाजूला सारलं. "त्याच्याजवळ पाणी किती ठेवलं होतंत?"

"एक बाटली."

"तो कुठे होता?"

उत्तर वाटाड्यानं दिलं. "मागच्या ओढ्यावर. पाणी भरायला गेला असणार. कपाळ दगडावर आपटलं होतं, पण मार मोठा नव्हता, तिथेच पडून तापानं गेला असणार. जाकीट इथे खुंटीलाच होतं. अंगाचा भडका होत होता म्हणून काढलं असेल. आम्ही आलो तेव्हा अंग अजून कोमट होतं, बाई."

हे शेवटचं त्यानं सांगायला नको होतं, किंवा तेच सांगायला हवं होतं. ताईला तेव्हा ठरवता आलं नाही.

"मग खडक कशाला? चाळीस फूट कशाला?"

"तुला सोपं जावं म्हणून," कंपाउंडर म्हणाला. "पडला आणि संपला. वाट बघत गेला, हे मी तुला कसं सांगणार होतो? आणि याचा परवाना गेला असता. आजारी माणसाला एकटं सोडायचं नाही, असा नियम आहे."

"मला सोपं जावं म्हणून की तुला?"

तो रडायला लागला. ताईनं रडू दिलं. दोन महिने तिनं मनात काय काय रचलं होतं! भांडण, धक्का, कुठली तरी बाई, कुठलं तरी जुनं वैर. आणि निघालं काय, तर तीन तास. एका माणसाला एक डोंगर बघायचा होता, एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर एवढा मोठा राग कुठे ठेवायचा ते तिला कळेना. स्टोव्हवरचा भात कोणी खाल्ला नाही.

सकाळी उजाडताच ती एकटी मागच्या दारानं ओढ्यावर गेली. एकतीस पावलं. धडधाकट माणसाला अर्धं मिनिट. पाणी खडकांमधून बोटभर वाहत होतं, स्वच्छ आणि इतकं थंड की ओंजळ भरल्यावर हात दुखले. ती तिथे बसली. धाकट्याला काहीतरी सांगावं असं वाटलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "वेड्या, हाक तरी मारायचीस." कोणाला मारायची, हे तिला तरी कुठे माहीत होतं.

परत आली तेव्हा वाटाड्या सामान बांधून उभा होता. चाचरत म्हणाला, "शिखर इथून दीड तासावर आहे, बाई. ढग नाही आज. जायचं?"

"तो तिथे गेला नव्हता," ताई म्हणाली. "मी कशाला जाऊ?"

मग तिनं वही कंपाउंडरपुढे ठेवली आणि त्या तारखेशेजारच्या शेऱ्याच्या रकान्यावर बोट टेकवलं. "लिही. काय झालं ते."

"ताई, हे साहेब लोक वाचतात. याचं पोट यावर आहे."

ताईनं वाटाड्याकडे बघितलं. त्याचा चेहरा फिका पडला होता, पण तो म्हणाला, "लिहा. मलाही ती ओळ दर वेळी दारात दिसते."

कंपाउंडरनं लिहायला घेतलं. "एक जण आजारी असल्याने त्याच्या संमतीने..."

"संमतीने खोड. 'सोडून' लिही."

त्यानं खोडलं. 'सोडून' लिहिलं. खाली आजची तारीख आणि दोघांच्या सह्या.

उतरताना शिडीवर ढगानं गाठलं. खालचा दांडा दिसत नव्हता, पाय हवेत चाचपडत होता. वाटाड्या मागे राहिला होता आणि खाली फक्त कंपाउंडर होता. "ताई, डावा पाय. आणखी एक वीत खाली. टेकव. मी धरलंय." ताईनं डोळे मिटले आणि पाय सोडला. दांडा होता. त्या घडीला विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता म्हणून तिनं ठेवला. जमिनीवर पाय टेकल्यावर तो विश्वास परत काढून घेतला.

होडीत ती आपणहून एकच वाक्य बोलली. "आईला तू सांगायचंस."

"आईंना नको ना, ताई. या वयात? त्या पडल्याचं धरून बसल्यात, त्यात त्यांना बरं वाटतंय."

हाच विचार ताईच्याही मनात रात्रीपासून घोळत होता. खोटं किती चटकन हाताशी येतं आणि किती मायेचं वाटतं, हे तिला पहिल्यांदा कळलं. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "तरी सांगायचं."

पुढे दिवसभर बस, दिवेलागणीला घरी पोचले. आई पलंगावर बसली होती. ताई स्वयंपाकघरात गेली, पाणी तापत ठेवलं आणि दाराआड उभी राहिली. तो काय गाळतो, काय मऊ करतो, यावर तिचा कान होता. तो अडखळत बोलला, पण त्यानं गाळलं नाही. ताप, बाटली, सात तास, ओढा. सांगून झाल्यावर पलंग करकरला.

"खडकाचं मला कधीच पटलं नव्हतं," आई म्हणाली. "लहानपणी साधं धडपडला तरी गल्ली गोळा करायचा. तो पडला आणि कोणी हाक ऐकली नाही, असं कसं होईल?"

ताई दाराआड थिजली. म्हणजे आठ-दहा महिने आईसुद्धा?

"विचारलं का नाहीत मला?" कंपाउंडरचा आवाज फुटला.

"तू रोज गोळ्या घेऊन यायचास ना. म्हटलं, सांगेल एक दिवस." आईनं पदर सारखा केला. "तापाच्या माणसाला एक बाटली कशी पुरेल रे? तू औषधाच्या दुकानात काम करतोस."

तो उठला, चपला घातल्या, जिना उतरून गेला.

वनखात्यानं वही वाचली आणि वाटाड्याचा परवाना वर्षभरासाठी थांबवला, असं पुढे कळलं. तो होडीवर काम करतो म्हणे. आईला सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं गोळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवल्या, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी आईनं त्या परत केल्या आणि निरोप दिला, ज्यानं द्यायच्या त्यानं आणून द्याव्यात.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. ताईनं दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, हातात पुडी. तिनं पुडी घेतली, खोलून पट्टीवरचं नाव वाचलं, तारीख तपासली, गोळ्या मोजल्या. तो बघत राहिला.

"बरोबर आहेत," ताई म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.